लाँग मेडोमधला जरासा गलबला

आमच्या थॉर्निकोट गावात शिरताना डाव्या हाताला एक पाटी लागते. 'थॉर्निकोटची लढाई याच मैदानावर झाली, १६४३.' ही पाटी मेजर लायोनेल स्टॅकपूल यांनी पदरमोड करून लावली आहे आणि दर वसंतात ते तिला स्वतः रंग देतात. मेजरसाहेबांनी सैन्यात अठ्ठावीस वर्षं काढली, ती सगळी भटारखान्यात. उभ्या हयातीत त्यांच्यावर कोणी गोळी झाडली नाही. एकदा बटाट्यांची टंचाई झाली होती म्हणे, पण तिच्यातून ते निभावले. ज्याला लढाई लाभली नाही, त्यालाच तिचा सोस फार.

दर ऑगस्टच्या शेवटच्या सोमवारी, सुट्टीचा दिवस साधून, ते ही लढाई पुन्हा लढवतात. तेव्हाच्या यादवीतली राजाची फौज आमच्या गावची, पार्लमेंटची फौज पलीकडच्या डनकोटची. कोणी कधी मरायचं याची यादी जुलैतच ग्रामसभागृहाच्या दारावर लागते. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना लवकर मरण्याची सवलत आहे, पण जेवणाआधी मरायला कोणी राजी नसतं. मेलेल्याला काटेरी गवतात पडून राहावं लागतं, आणि तोवर जिवंत माणसं सगळी सँडविचेस संपवतात.

मी या लढाईत भाग घेत नाही. मी अँब्रोज टिडी. एका मोठ्या शब्दकोशाच्या कचेरीत एकतीस वर्षं मी शब्दांच्या व्याख्या लिहिल्या. त्यातली अकरा वर्षं एकट्या 'एस' या अक्षरात गेली. 'एस' संपला तेव्हा मी चाळिशीला टेकलो होतो आणि लग्नाचा विषय मागच्याच कुठल्यातरी अक्षरात राहून गेला होता. निवृत्त झाल्यावर थॉर्निकोटला ओढ्याकाठी घर घेतलं, मागे पाऊण एकराची बाग केली, त्यात गुलाब लावले. याला बावीस वर्षं झाली.

माझ्या बागेच्या दगडी कुंपणापलीकडे मिसेस हेस्टर पिल्बीम राहतात आणि त्यांच्या घरामागे लाँग मेडो पसरलेलं आहे. हेच ते लढाईचं मैदान. त्यात हेस्टरबाईंची तीन गाढवं चरतात. समुद्रकिनाऱ्यावर पोरांना पाठीवर फिरवून म्हातारी झालेली गाढवं त्या घेऊन येतात आणि मरेपर्यंत पोसतात. सध्या बिशप, ग्लॅडिस आणि पुडिंग आहेत. दर मंगळवारी बाई कुंपणावर सहा अंडी ठेवतात आणि म्हणतात, "मिस्टर टिडी, अंडी." मी म्हणतो, "आभारी आहे, मिसेस पिल्बीम." मग आम्ही हवामानावर बोलतो. मंगळवारसाठी मी सोमवारी दाढी करून ठेवतो, हे मात्र त्यांना कधी सांगितलं नाही.

मार्च महिन्यात गावात बातमी आली. मैदान ज्या घराण्याच्या मालकीचं आहे ते लंडनला राहतं आणि गावाला दर नाताळला एक कार्ड पाठवतं. या वेळी कार्डाऐवजी नोटीस आली. लाँग मेडो एका बांधकाम कंपनीला विकायचं आहे, तिथे एकशे चाळीस घरं होणार आहेत.

मेजरसाहेबांनी लगेच सरकारच्या वारसा कचेरीला अर्ज ठोकला. या कचेरीकडे एक यादी असते. एखाद्या मैदानावर बॅटल, म्हणजे लढाई झाली असेल, तर ते यादीत जातं आणि तिथे वीटसुद्धा रचता येत नाही. पण तिथे नुसती स्कर्मिश, म्हणजे चकमक झाली असेल, तर यादीत जागा नाही. मग विटाच विटा. आणि इथेच घोडं पेंड खात होतं. चारशे वर्षांपूर्वी लाँग मेडोमध्ये नक्की काय झालं हे मेजरसाहेब सोडून कोणालाच ठामपणे सांगता येत नव्हतं.

त्या मंगळवारी हेस्टरबाईंनी अंडी ठेवली, पण हवामानाचं नाव काढलं नाही.

"मिस्टर टिडी, तुम्ही जन्मभर शब्दांचा कीस काढलात. मला सांगा, बॅटल आणि स्कर्मिश यांत एवढा काय फरक आहे हो?"

"स्कर्मिशमध्ये दोन लहान तुकड्यांची अवचित गाठ पडते, हाणामारी होते, आणि मुख्य फौजेला पत्ताही नसतो. बॅटलमध्ये दोन्ही फौजा ठरवून समोरासमोर उभ्या राहतात."

"म्हणजे मरणाऱ्याला काही फरक पडत नाही."

"मरणाऱ्याला नाही. जमिनीला पडतो."

इथे मी थांबायला हवं होतं. पण शब्दाचं मूळ ठाऊक असलेला माणूस आणि घोरणारा माणूस, दोघांनाही थांबता येत नाही.

"गंमत अशी आहे," मी म्हणालो, "की दोन्ही शब्द आपण फ्रेंचांकडून उचलले. बॅटलचं मूळ लॅटिनमध्ये, 'बडवणे' या क्रियापदात. पण त्यातून निघालेला शब्द आधी वापरत ते सैनिकांच्या आणि आखाड्यातल्या लढवय्यांच्या तालमीला. लुटुपुटीच्या मारामारीला. स्कर्मिश मात्र फ्रेंचांनी जुन्या जर्मन टोळ्यांकडून घेतला. त्याचा मूळ अर्थ ढाल धरणे, राखण करणे."

हेस्टरबाईंनी कुंपणावरचं एक अंडं हातात घेतलं आणि तसंच धरून ठेवलं.

"म्हणजे बॅटल मुळात लुटुपुटीची?"

"मुळात."

"मग मेजर ऑगस्टमध्ये करतात तीच खरी बॅटल!"

"मुळाला धरून बोलायचं तर, हो."

"आणि मला हवीय माझ्या मैदानाची राखण, म्हणजे स्कर्मिश. पण स्कर्मिश ठरली की राखण गेली."

"तसंच काहीसं."

"मग तुमची ती मुळं काय चाटायचीत, मिस्टर टिडी? अहो, बिशपसुद्धा मुळं खात नाही. तो वरचं गवत बघतो." त्यांनी अंडं परत कुंपणावर ठेवलं. आवाज जरा खाली आला. "मैदान गेलं तर गाढवं आश्रमात द्यावी लागतील. मग मी इथे कशाला राहू? ग्रिम्सबीला भाची आहे, तिच्याकडे जाईन."

मी कुंपणावरची अंडी मोजली. सहा भरली.

"ग्रिम्सबीला मासळी चांगली मिळते," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, रिकामी टोपली उचलली आणि त्या गेल्या. त्या मंगळवारची अंडी मी आठवडाभर खाल्ली नाहीत.

एप्रिलमध्ये मेजरसाहेब माझ्याकडे आले. बगलेत बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता.

"टिडी, सुनावणी लागलीय मेमध्ये. वारसा कचेरीचा निरीक्षक येतोय, आणि बांधकामवाल्यांनी लंडनची वकीलीण लावलीय. ती तुमच्या कोशातली स्कर्मिशची व्याख्या आपल्यावर उगारणार. ती व्याख्या जरा आखूड करता येईल का?"

"ती छापून चव्वेचाळीस वर्षं झाली, मेजर."

"मग शुद्धिपत्र काढा! एवढं काय त्यात?"

"त्या तीन ओळींवर मी अकरा आठवडे घातलेत."

"तीन ओळींवर अकरा आठवडे? अहो, तेवढ्यात आम्ही सबंध पलटणीला नाताळचं जेवण घातलंय!" ते खुर्चीत कोसळले आणि त्यांनी डबा उघडला. आत गावच्या चर्चची जुनी वही होती. "हे बघा. ही गेली तीस वर्षं मी कोणाला दाखवलेली नाही. त्या दिवसाचा एकच साक्षीदार, आपल्या चर्चचा तेव्हाचा पाद्री, जोसायस क्विल. प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहिलंय त्याने. आणि लिहिलंय काय? वाचा."

मी वाचलं. 'आज दुपारी लाँग मेडोमध्ये जरासा गलबला झाला. त्यामुळे सायंप्रार्थना थोडी उशिरा.'

"गलबला!" मेजर किंचाळले. "जरासा! टिडी, हा माणूस माझ्या हाताला लागता ना, तर मी त्यालाच यादीत पहिला मारला असता."

"पुढे काय आहे?"

"पुढे अकरा दिवस नुसतं पुरणं चाललंय. 'परगावचा सैनिक, नाव ठाऊक नाही.' 'परगावचा सैनिक, नाव ठाऊक नाही.' एकशे बाराव्यानंतर मी मोजायचं सोडलं. पण ती वकीलीण म्हणणार, छावणीत तापाची साथ होती. तेव्हा फौजा तापानेच जास्त मरत. ही वही मी जाळून टाकू का?"

"नाही. ती दाखवायची."

"तुम्ही कोणाच्या बाजूचे आहात हो?"

मला त्याचं उत्तर ठाऊक होतं, पण ते मेजरांना द्यायचं नव्हतं.

सुनावणीच्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघरात चहा करत होतो. माझ्या खिडकीतून ओढ्यावरची फरशी दिसते, तिच्यावरून रस्ता जातो. बघतो तर फरशीच्या मधोमध, घोटाभर पाण्यात, बिशप उभा. दावणीतून सुटून आलेला. समुद्रकिनाऱ्यावर आयुष्य गेलेलं गाढव, पाणी दिसलं की ते गिऱ्हाइकाची वाट बघत उभं राहतं. तेवढ्यात वळणावरून एक छोटी निळी गाडी आली. बिशप हलला नाही. गाडी हलली. कठड्यावर चढली, कलंडली आणि खालच्या डोहात उलटी झाली. चारही चाकं वर.

मी अग्निशामक दलाला फोन केला आणि धावलो. गाडीत एक सडपातळ गृहस्थ डोकं खाली, पाय वर असे लटकत होते आणि पाणी त्यांच्या चष्म्यापर्यंत आलं होतं. मी बाहेरून दार ओढत होतो. आतून ते म्हणत होते, "कृपया त्रास घेऊ नका." अकरा मिनिटांनी घंटा वाजवत बंब आला आणि त्यांना बाहेर काढलं. कपाळातून रक्त येत होतं. त्यांनी आधी माझे आभार मानले, मग अग्निशामकवाल्यांचे, आणि मग विचारलं, "ग्रामसभागृह कुठे आहे?" ते वारसा कचेरीचे निरीक्षक होते, मिस्टर डेस्मंड ऑसगर्बी.

मी बिशपला नेऊन बांधलं. हेस्टरबाई सकाळपासूनच सभागृहात चहाच्या बंबापाशी होत्या. त्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं, आणि मी सांगणार नव्हतो.

सभागृहात सगळं गाव जमलं होतं. आमच्याकडे सभा म्हटली की आधी गैरहजर लोकांच्या क्षमायाचना वाचतात, मग खिडक्या उघड्या ठेवायच्या की बंद यावर मतदान होतं. ते आटोपेपर्यंत मिस्टर ऑसगर्बी आले. त्यांचे कपडे चिंब भिजले होते आणि सभागृहात कोरडे कपडे होते ते फक्त ऑगस्टच्या लढाईचे. तेव्हा साहेब आले ते राजाच्या सरदाराच्या वेषात. जांभळी मखमली तुमान, गळ्याला लेस, कपाळाला पट्टी.

"उशिराबद्दल क्षमस्व," ते म्हणाले. "वाटेत जरा खोळंबा झाला."

लोक अदबीने माना हलवून गप्प बसले. अग्निशामक बंबाची घंटा सगळ्यांनी ऐकली होती. समोर सरकारी अधिकारी चारशे वर्षांपूर्वीची तुमान घालून बसला होता. पण विचारायचं कसं? विचारणं असभ्यपणाचं. हेस्टरबाईंनी त्यांना चहा दिला आणि म्हणाल्या, "लेस छान आहे." एवढ्यावर तो विषय मिटला.

मेजरसाहेब तासभर बोलले. नकाशे दाखवले, गंजलेला तोफगोळा दाखवला, जो डनकोटच्या माणसाच्या मते कुंपणाच्या खांबावरचा लोखंडी गोळा होता. मग वकीलबाई उठल्या. मिस ग्रीव्ह्ज. पस्तिशीच्या, आवाज गोड. बाप दाखव नाही तर श्राद्ध कर, असा त्यांचा रोखठोक मामला. त्यांनी चर्चची वही मागितली आणि ती दोन ओळींची नोंद मोठ्याने वाचली.

"जरासा गलबला," त्या म्हणाल्या. "मेजरसाहेब, लढाई तर सोडाच, मला ही चकमकसुद्धा वाटत नाही. आमच्या कंपनीचं मन मोठं आहे, आम्ही ती चकमक मानतो. आणि पुरलेली माणसं तापाची. मिस्टर टिडी आहेत का इथे?"

मी उभा राहिलो. त्यांनी कोशाचा जाडजूड खंड उघडला. तो आवाज मला ओळखीचा आहे, घरच्या दारासारखा.

"'स्कर्मिश. लहान तुकड्यांमधली, पूर्वनियोजित नसलेली, मुख्य फौजांचा संबंध नसलेली झटापट.' ही व्याख्या कोणाची?"

"माझी."

"ती चूक आहे का?"

मी हेस्टरबाईंकडे पाहिलं. त्या चहाच्या बंबाची तोटी धरून उभ्या होत्या. चूक आहे म्हणालो असतो, तर काय बिघडलं असतं? कोशवाले वारले, कोश आता कोण उघडतो? 'चूक आहे' एवढे दोन शब्द, आणि मैदान वाचत होतं, अंडी वाचत होती, मंगळवार वाचत होते.

"नाही," मी म्हणालो. "बरोबर आहे."

मेजरसाहेबांनी डोक्याला हात लावला. हेस्टरबाईंनी तोटी सोडली आणि खिडकीबाहेर पाहायला लागल्या. त्यांच्या त्या पाहण्याने मला जे झालं ते मी कोणत्याही अक्षराखाली नोंदवलेलं नाही.

"पण," मी म्हणालो, "व्याख्या लावायला आधी काय घडलं ते कळायला हवं. आणि ते सांगणारा एकच माणूस आहे, पाद्री क्विल. तो म्हणतो, 'जरासा.' प्रश्न असा आहे, की आमच्याकडचा माणूस जेव्हा 'जरासा' म्हणतो, तेव्हा तो केवढा असतो? ऑसगर्बीसाहेब, मला आपल्याला एक विचारायचंय. आपण आल्याबरोबर काय म्हणालात?"

साहेब अवघडले. "वाटेत जरा खोळंबा झाला."

"तो काय होता, सांगाल?"

"सांगण्याजोगं काही नाही."

"इतिवृत्तासाठी विचारतोय, साहेब."

इतिवृत्ताचं नाव काढलं की या देशात बिशपांनाही खरं बोलावं लागतं, गाढवांतल्या नव्हे, चर्चमधल्या. साहेबांनी गळ्याची लेस सारखी केली.

"गाडी ओढ्यात गेली."

"सरळ?"

"नाही. उलटी."

"किती चाकं वर होती?"

"चारही."

"आणि आपण?"

"मी आत होतो. अकरा मिनिटं. पाणी नाकापर्यंत आलं होतं. मी बायकोला मनातल्या मनात एक पत्र लिहून पुरं केलं." ते थांबले. "अग्निशामक दलाचे लोक फार सभ्य होते."

मी गावाकडे वळलो.

"सभाजनहो," मी म्हणालो, "या गृहस्थांनी मरण पाहिलं आणि त्याला 'जरा खोळंबा' म्हटलं. पाद्री क्विलही याच मातीचा. त्याने ज्याला 'जरासा गलबला' म्हटलं, तो केवढा असेल? शिवाय खोळंब्याने साहेबांच्या सभेला उशीर झाला पंचवीस मिनिटं. गलबल्याने थांबली ती देवाची प्रार्थना. दोन लहान तुकड्यांसाठी आमचा पाद्री प्रार्थना थांबवत नाही. माझी व्याख्या बरोबर आहे. म्हणूनच ती इथे लागू होत नाही."

आधी डनकोटच्या माणसाने टाळी वाजवली, मग सगळ्या गावाने. मेजरसाहेब रडले. हेस्टरबाई खिडकीकडून वळल्या आणि माझ्याकडे अशा काही पाहायला लागल्या, की मी खाली बसायचं विसरलो.

तेवढ्यात मिस ग्रीव्ह्ज गोड आवाजात म्हणाल्या, "साहेब, तेही इतिवृत्तात येऊ द्या. गाडी ओढ्यात गेली कशामुळे?"

साहेबांनी हाताच्या नखांकडे पाहिलं. "वाटेत एक प्राणी उभा होता."

"कोणता प्राणी?"

"गाढव," साहेब म्हणाले. "मोठं होतं. फार शांत होतं."

गावात गाढवं एकाच घरी. सगळ्यांच्या माना हेस्टरबाईंकडे वळल्या. त्यांचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. यालाच हात दाखवून अवलक्षण म्हणतात, आणि हात माझा होता.

निकाल जुलैत आला. लाँग मेडोमध्ये १६४३ साली लढाई झाली, तिला सर्वार्थाने बॅटल म्हणावं, असं कचेरीने ठरवलं. घरं रद्द. मेजरसाहेबांनी पाटीवर 'सरकारमान्य' असा शब्द वाढवला आणि चर्चची घंटा वाजवायला लावली. मी निकालाची नऊ पानं वाचली, शेवटापर्यंत. मला वाचायची सवय आहे, तीच नडते.

शेवटच्या पानावर अटी होत्या. जमिनीत त्या काळच्या शिशाच्या गोळ्या असणार, जनावरांच्या खुरांनी त्या जागच्या हलतात. सबब मैदानात खुरांचं कोणतंही जनावर ठेवू नये. अपवाद एकच. ऑगस्टच्या शेवटच्या सोमवारी येणारे चाळीस घोडे, कारण ते ऐतिहासिक आहेत. आणि सगळ्यात खाली मिस्टर ऑसगर्बींनी लिहिलं होतं, 'पाहणीच्या वेळी परिसरात गाढवं असल्याचं माझ्या जरासं लक्षात आलं.'

जरासं. त्या शब्दाचं माप आता सबंध परगण्यात माझ्याइतकं कोणाला ठाऊक नव्हतं.

मी मेजरसाहेबांना गाठलं. ते म्हणाले, "वाईट वाटतं हो टिडी. पण राष्ट्राच्या वारशापुढे तीन गाढवं म्हणजे..." मी म्हणालो, "तुमच्या वारशातले चाळीस घोडे काय चवड्यावर चालतात?" त्यावर त्यांनी मला पुढच्या ऑगस्टमध्ये राजाचा प्रधान व्हायचं आमंत्रण दिलं. मी आयुष्यात पहिल्यांदाच कोणाच्या तोंडावर दार आपटलं.

महिनाअखेरीला गाढवांच्या आश्रमाची गाडी यायची होती. त्याआधीच्या मंगळवारी हेस्टरबाई कुंपणापाशी आल्या. अंडी नव्हती. कोंबड्या आदल्या दिवशीच गावात देऊन टाकल्या होत्या. मागे दोरीला तिन्ही गाढवं होती, शेवटचं फिरवायला काढलेली.

"शुक्रवारी सकाळची गाडी आहे ग्रिम्सबीची," त्या म्हणाल्या.

"चूक माझी आहे, मिसेस पिल्बीम. मी तो प्रश्न विचारलाच नसता तर..."

"तर एकशे चाळीस घरं झाली असती आणि मी तशीही गेले असते. पुढच्या वेळी गाव वाचवाल तेव्हा गाढवं आधी मोजा, म्हणजे झालं." त्यांनी बिशपच्या मानेवर थोपटलं. "निघते मग."

"हो," मी म्हणालो. "इथे आता जरासं सुनंसुनं वाटेल."

त्या निघाल्या होत्या, त्या थांबल्या. दोरी हाताला गुंडाळत परत कुंपणाशी आल्या.

"जरासं?"

"म्हणजे, थोडंफार."

"मिस्टर टिडी, तुम्ही सगळ्या गावापुढे त्या बिचाऱ्या माणसाला उभं केलंत आणि 'जरा' म्हणजे केवढं ते त्याच्याकडून वदवून घेतलंत. आता मी विचारते. गाडी कुठे आहे?"

मी इकडेतिकडे पाहिलं. पळायला जागा नव्हती. मागे गुलाब होते.

"ओढ्यात," मी म्हणालो.

"सरळ?"

"उलटी."

"चाकं?"

"चारही वर."

"आत माणूस आहे?"

"आहे."

"किती वेळ?"

"बावीस वर्षं," मी म्हणालो.

हेस्टरबाईंनी डोळे पुसले, बाहीनेच. मग एकदम चिडल्या.

"आणि बाहेरचं माणूस दर मंगळवारी येऊन उभं राहतंय, तर आतून म्हणायचं काय, तर 'ग्रिम्सबीला मासळी चांगली मिळते'? अरे, हाक मारता येत नव्हती का तुला, अँब्रोज?"

मी म्हणालो, "हेस्टर." एवढंच आलं. मग कुंपणातलं बागेचं फाटक उघडलं. ते बावीस वर्षांत त्या बाजूने कधी उघडलं नव्हतं, बिजागरीने बोंब मारली.

आधी बिशप आत आला. तो माझ्या सर्वांत जुन्या गुलाबापाशी गेला, त्याने हुंगून पाहिलं, आणि वरचं वरचं खायला सुरुवात केली.